भोकाचा डॉलर

१

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कुणी हातरुमाल चोरला, तरी तिथलं सरकार त्याला स्वतःच्या खर्चाने ऑस्ट्रेलियाला पाठवत असे. आता जग सुधारलं आहे. आता चोरीचा नुसता आळ आला, तरी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अडतो.

उत्कर्षा भोयरला यातला विनोद दिसण्याची शक्यता नव्हती. ती बिबवेवाडीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता. उत्कर्षा वर्ध्याची. पुण्यात पीएच.डी. करायला आली. विषय : सिडनीच्या सुरुवातीच्या वसाहतीतले व्यापारी, जमिनींची खिरापत आणि कैद्यांची मजुरी. वर्ध्याच्या मुलीने पुण्यात बसून सिडनीवर लिहिण्यात गैर काही नाही. पुण्यातली निम्मी माणसं पुण्यात बसूनच सगळ्या जगावर बोलतात. फरक इतकाच, की हिने अभ्यास केला होता. तो तिथल्या एका विद्यापीठाला इतका आवडला, की त्यांनी शिष्यवृत्ती देऊ केली. जानेवारीत रुजू व्हायचं. उरला होता फक्त पोलिसांचा दाखला, की ही मुलगी स्वच्छ आहे.

"आणि आज त्याच पोलिसांनी मला दुपारभर चौकीत बसवून ठेवलं," ती म्हणाली. "काकू, मी काहून चोरू जी?"

काकू म्हणजे कल्याणी खांबेटे. उत्कर्षा त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होती. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर दावे तपासले. जळालेल्या दुकानात उभं राहून, आग लागायच्या आदल्या दिवशी माल कुठे हलवला, हे मालकाला थंडपणे विचारायचं, अशी ती नोकरी. निवृत्तीनंतर त्यांनी खोली भाड्याने दिली आणि दारावर पाटी लावली : 'पाहुणे आणू नयेत. आणल्यास परत न्यावेत.'

"रडून झालं असेल तर बस," कल्याणीबाई म्हणाल्या. "झालं नसेल तर बसून रड. उभ्याने रडलं की पाय दुखतात. काय चोरीला गेलं?"

"नाणं. आप्पासाहेब कोंढाळकरांचं. मी दर शनिवारी-रविवारी जाते ना त्यांच्याकडे, संग्रहाच्या नोंदी करायला. त्यातलं सगळ्यात दुर्मीळ. सिडनीचा भोकाचा डॉलर."

"भोक कशाला?"

उत्कर्षाने नाक पुसलं. विषय निघाला की तिचा आवाज आपोआप सरळ होत असे. "तिथे सुरुवातीला नाणीच नव्हती, काकू. लष्करी अधिकाऱ्यांनी सरकारकडून फुकट जमिनी घेतल्या. त्यावर राबायला फुकट कैदी घेतले. जहाजातून दारू उतरली की सगळी उचलायची आणि चढ्या भावाने विकायची."

"म्हणजे बिल्डर होते."

"जवळजवळ. मग गव्हर्नरने मद्रासहून चाळीस हजार स्पॅनिश डॉलर मागवले. पण व्यापारी ते मालाच्या बदल्यात बाहेर नेणार, ही भीती. म्हणून त्याने प्रत्येक नाण्याला मधोमध भोक पाडलं. भोकाचं नाणं परदेशात कोण घेणार? आतली जी टिकली सुटली, ती चिल्लर म्हणून चालवली."

"आणि भोकं पाडली कुणी?"

"एका कैद्याने. खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा झाली होती त्याला."

"योग्य जागी योग्य माणूस," कल्याणीबाई म्हणाल्या. "सरकारच्या हातून असं पुन्हा घडल्याचं ऐकिवात नाही. बरं. पुढे?"

पुढे असं झालं होतं. सिडनीच्या एका संग्रहालयाच्या बाई भारतात आल्या होत्या. उत्कर्षानेच त्यांना नाणं पाहायला बोलावलं होतं. त्या यायच्या आदल्या दिवशी दुपारभर ती एकटी त्या खोलीत बसून काचेच्या कपाटातल्या चिठ्ठ्या बदलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंसमोर कपाट उघडलं, तर मखमलीवर नाण्याच्या आकाराचा खळगा तेवढा होता. कुलूप शाबूत. आप्पासाहेबांचा मुलगा रणजित याने त्याच दिवशी तक्रारअर्ज दिला आणि त्यात उत्कर्षाचं नाव घातलं. चौकीतल्या साहेबांनी तिला उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. नाणं आलं तर ठीक, नाहीतर गुन्हा दाखल. गुन्हा दाखल झाला, की दाखला नाही. दाखला नाही, की सिडनी नाही.

कल्याणीबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला. "त्या नाण्याच्या शेजारी काय होतं?"

"सोन्याच्या मोहरा. चार."

"त्या गेल्या?"

"नाही."

"रिक्षाला सुटे पैसे घे," कल्याणीबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी निघू. ज्याला सोनं दिसलं नाही, तो चोर मला बघायचा आहे."

२

कात्रजच्या पुढे खोपटवाडी आहे. म्हणजे होती, आता तिथे महापालिका आहे. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांना जी नावं दिली, त्यांतलं एकही उच्चारायला गावकरी धजावत नाहीत. जमिनीच्या पैशांत बाकीच्यांनी पांढऱ्या उंच गाड्या घेतल्या. आप्पासाहेब कोंढाळकरांनी नाणी घेतली. गावाने त्यांना वेडा ठरवलं, मग गाड्या जुन्या झाल्या आणि नाण्यांचे भाव वाढले, तेव्हा अभ्यासू ठरवलं.

गावाच्या तोंडाशी काळ्या दगडाची कोरी करकरीत कमान होती. वर दोन हत्ती, मधे 'कै. बजरंगराव कोंढाळकर प्रवेशद्वार'. आतला रस्ता इतका अरुंद, की खरे हत्ती आले असते तर बाहेरच थांबले असते.

आप्पासाहेब आपल्याच शेतात राहत होते, फक्त चौथ्या मजल्यावर. धोतर, पांढरा सदरा, वर राखाडी जाकीट. त्यांनी उठून नमस्कार केला. उत्कर्षाकडे मात्र पाहिलं नाही.

रणजितने पाहिलं. "मॅडम, हिला घेऊन आलात, चांगलं झालं. नाणं आणलं असेल तर मॅटर इथेच क्लोज करू."

"नाणं असतं तर कुरियरने पाठवलं असतं. रिक्षा परवडत नाही," कल्याणीबाई म्हणाल्या. "हिनेच चोरलं, हे कशावरून?"

"सिंपल आहे. आदल्या दिवशी दुपारभर ही एकटी आत. कपाटाची की कॅलेंडरच्या मागे खिळ्याला असते, हे हिला माहीत. एंड ऑफ स्टोरी."

"किल्ली कॅलेंडरमागे असते, हे मलाही माहीत होतं. मी इथे पहिल्यांदाच येते आहे."

रणजितने कॅलेंडरकडे पाहिलं.

"पुणे जिल्ह्यात किल्ल्या आणखी कुठे असतात?" कल्याणीबाईंनी कपाटात डोकावून पाहिलं. मोहरा जागच्या जागी चकाकत होत्या. "या घरात बाकी कोणाचं जाणंयेणं?"

"मी, आप्पा, आई. आणि सलिल मुथा. रविवार पेठेत नाण्यांचं दुकान आहे त्याचं. त्यानेच आप्पांना हे नाणं विकलं, वीसेक वर्षांपूर्वी. त्या दिवशी सकाळी दिवाळीचा फराळ घेऊन आला होता. पण तो घरचा माणूस आहे."

"आणि ही?"

"ही बाहेरची. आय मीन, वर्ध्याची."

"सिडनीत पण असंच होतं," उत्कर्षा हळूच म्हणाली. "काही हरवलं की आधी कैद्याची झोपडी तपासायची. अधिकाऱ्याची कोठी नंतर. बहुतेक वेळा नंतर पण नाही."

"बघा! टोमणे!" रणजित म्हणाला.

"टोमणा नाही, तिसरं प्रकरण आहे तिच्या प्रबंधाचं," कल्याणीबाई म्हणाल्या. "कमान छान झाली आहे. तुमच्याच आजोबांच्या नावाची ना?"

"नाव आजोबांचं. पण मी आप्पांना क्लिअर सांगितलं होतं, एक रुपया देणार नाही. त्यात रिटर्न काय? मग गावाने वर्गणी काढली म्हणे."

आप्पासाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

"नाण्याचा विमा होता?"

"ऑफ कोर्स. सीए दरवर्षी रिन्यू करतो."

"मग दावा टाकला असेल."

रणजितने वडिलांकडे पाहिलं. हा प्रश्न घरात आधी होऊन गेलेला दिसत होता.

"दावा करायचा न्हाई," आप्पासाहेब म्हणाले.

"का?"

"गेलं ते गेलं. इम्याचा पैसा घिऊन काय करू? आन पोलिसात बी जाऊ नगं म्हनलो व्हतो ह्याला. ह्यो ऐकतो व्हय?"

कल्याणीबाई आयुष्यात पहिल्यांदाच असा माणूस पाहत होत्या, ज्याची विमा उतरवलेली वस्तू चोरीला गेली आहे आणि ज्याला विम्याचे पैसे नको आहेत. दुकान न जळता जळाल्याचे पैसे मागणारे त्यांनी शेकड्याने पाहिले होते. हा प्रकार नवा होता. त्यांना क्षणभर आपण उगाच निवृत्त झालो, असं वाटलं.

"पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या, आणि कुणी आणून देण्याआधीच स्वयंपाकघरात शिरल्या.

३

मथुराबाई कोंढाळकर चिवड्याचा डबा आवरत होत्या. त्यांनी पाणी दिलं, लाडू दिला, आणि उत्कर्षाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ह्या पोरीनं न्हाई घेतलं, बाई," त्या म्हणाल्या. "हिनं घ्यायाचं असतं तर मागून घेतलं असतं. येडी हाय. चमचा घेतला तरी इचारती."

"मग कुणी घेतलं?"

"म्या काय सांगू? मला तर वाटतं, ते नाणंच रुसून गेलं."

"नाणं कशाला रुसेल?"

मथुराबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "यंदा ते लाजलं व्हतं."

उत्कर्षा आणि कल्याणीबाई, दोघींनी एकदम वर पाहिलं.

"लक्ष्मीपूजनाला म्या समद्या नान्यांना अंघोळ घालती," मथुराबाई म्हणाल्या. "दूध, दही, तूप, मध, साखर. मंग चिंच नि मीठ लावून घासायचं, पुसायचं, हळदकुकू लावायचं."

उत्कर्षाने डोळे मिटले. "काकू, जुनं नाणं घासलं की त्याची किंमत निम्मी होते. मी यांना पन्नासदा सांगितलं."

"लक्ष्मीला पारोशी ठिवायची व्हय मंग?" मथुराबाई म्हणाल्या. या युक्तिवादाला संग्रहशास्त्रात उत्तर नाही. "तर सांगत काय व्हते, हे नाणं दरसाल घासलं की कसं पांढरंफेक निघायचं. भोकाची कड पन पांढरीच. अन् यंदा घासलं, तर भोकाच्या कडंला लाली. म्या पुन्यांदा घासलं, तर आनखी लाल. म्या ह्यांना म्हनलं, आवो, ह्या पैशाला लाली कशापायी आली? तर म्हनं, तुझा कुकवाचा हात लागला आसंल. कुकू तर म्या लावलंच नव्हतं आजून."

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलं?"

"कुनाला सांगू? रणजित घरात नव्हता. बाहेरच्याला सांगायची गोष्ट हाय का ती?"

बाहेर रणजित फोनवर कुणाला तरी 'स्लॅब उद्याच पडला पाहिजे' असं ओरडून सांगत होता. कल्याणीबाईंनी लाडू संपवला आणि बोटं झटकली.

"कमानीला तुम्ही किती वर्गणी दिलीत हो?"

"वर्गणी? आमच्याकडं पावती घिऊन कुनी आलंच न्हाई." मथुराबाई विचारात पडल्या. "शेजारी बी कुनाकडं गेलं नसंल. वर्गणी निघाली असती तर बाया चार म्हैने बोलल्या असत्या. एकीनं बी तोंड उघडलं न्हाई."

जिन्यात आल्यावर उत्कर्षाने कल्याणीबाईंचा दंड धरला. "काकू, चांदी चिंचेनं लाल नाही होत. वर चांदीचा मुलामा आणि आत तांबं-पितळ असेल, तर घासून धारेवरचा मुलामा आधी जातो. म्हणजे चोरीला गेलं ते नाणं—"

"खोटं होतं."

"पण गेल्या दिवाळीला पांढरं होतं! गेल्या हिवाळ्यात मी फोटो काढले, तेव्हा तर मी ते तोललं, मापलं. ते खरंच होतं. नंतर कुणीतरी बदललं. त्यानंतर ते काचेआडच होतं, मी हातात घेतलंच नाही." ती थांबली. "खोटं नाणं बनवून घेणं कुणाला जमेल? ज्याची कारागिरांशी ओळख आहे, त्यालाच."

"रविवार पेठ," कल्याणीबाई म्हणाल्या. "पण जिना जरा हळू उतर. माझे गुडघे विम्यात नाहीत."

४

सलिल मुथा यांचं दुकान इतकं चिंचोळं होतं, की गिऱ्हाईक आत आलं की दुकानदाराला श्वास आत घ्यावा लागे. मुथा पन्नाशीचे, गोड आवाजाचे. त्यांनी चहा मागवला, हळहळ व्यक्त केली आणि उत्कर्षाला "बेटा, धीर सोडू नको" असं म्हणाले. तिच्या डोळ्यांना डोळा मात्र त्यांनीही दिला नाही.

"तुमच्या धंद्यात एखादं नाणं चोरीला गेलं तर काय करता?" कल्याणीबाईंनी विचारलं.

"व्यापाऱ्यांचे ग्रुप आहेत ना, ताई. फोटो टाकायचा. तासाभरात कोलकात्यापासून राजकोटपर्यंत सगळ्यांना कळतं. मग ते नाणं कुणी हातात धरत नाही. पोलिसांपेक्षा आमचा ग्रुप फास्ट."

"पोस्टमनही फास्ट असतो. दाखवा बघू ग्रुप."

मुथांनी फोन काढला आणि मग त्यांना तो काढल्याचा पश्चात्ताप झालेला दिसला. कल्याणीबाईंनी मान वाकडी करून वाचलं. शुभ सकाळ. शुभ सकाळ. दिवाळीचे दिवे. मग मुथांनी स्वतः टाकलेला फोटो : साताऱ्याच्या एका शाळामास्तरांची तांब्याची शिवराई हरवली आहे, कृपया लक्ष ठेवावे.

"ही केवढ्याची असेल?"

"असेल पाच-सातशेची."

"हा फोटो परवाचा. म्हणजे डॉलर गेल्यानंतरचा. मास्तरांच्या शिवराईसाठी तुम्ही देशभर दवंडी पिटलीत, आणि लाखांच्या डॉलरचा एक फोटो नाही?"

"राहून गेलं, ताई. दिवाळीची गर्दी."

दुकानात त्या वेळी गर्दी म्हणजे त्या दोघीच होत्या.

उत्कर्षाला राहवलं नाही. "मुथाकाका, तुम्हीच बदललं ना ते? खरं तुमच्याकडे आहे ना? आज संध्याकाळी माझ्यावर गुन्हा दाखल होईल, हे माहीत आहे तुम्हाला?"

मुथांनी चहाचा कप खाली ठेवला. चेहऱ्यावरचा गोडवा पहिल्यांदाच उतरला. "बेटा, माझ्या वडिलांनी मला एकच शिकवलं. दुकानदाराचं पोट विहिरीसारखं पाहिजे. लोक येऊन टाकून जातात. आपण उपसायचं नाही." मग ते कल्याणीबाईंकडे वळले. "मी कुणाचं काही चोरलं नाही. यापुढे विचारू नका. मी खोटं बोलेन, आणि मला आवडणार नाही."

रस्त्यावर येताच उत्कर्षा भडकली. "कबूलच केलं की त्यांनी! चला चौकीत!"

"थांब. तो चोर नाही."

"काहून?"

"चोर असता तर सगळ्यांत मोठ्याने ओरडला असता. खरं नाणं लांबवून खोटं ठेवणाऱ्याला काय हवं असतं? कुणीतरी ते खोटं चोरावं आणि सगळ्यांनी खरं गेलं असं धरून चालावं. त्याच्यासाठी ही चोरी म्हणजे गणपतीच पावला. त्याने पहिल्यांदा फोटो टाकला असता. हा गप्प बसला. कारण खरं नाणं आज कुणातरी सज्जन गिऱ्हाइकाच्या कपाटात आहे, रीतसर विकत घेतलेलं. फोटो फिरला असता, तर त्या बिचाऱ्याला चोरीचा माल घेतल्याचा बट्टा."

"रीतसर? पण विकलं कुणी?"

कल्याणीबाईंनी रिक्षाला हात केला. रिक्षा अर्थातच थांबली नाही.

"जो विकू शकतो, त्याने," त्या म्हणाल्या.

५

खोपटवाडीच्या चौथ्या मजल्यावर रणजित चौकीत जायला तयार होऊन बसला होता.

"टाइम संपला, मॅडम."

"अजून उजेड आहे," कल्याणीबाई म्हणाल्या. "मला पाच मिनिटं बोलू द्या."

"बोलण्यात काय आहे? मी एक साधी गोष्ट सांगतो." रणजित एकदम उठला. इंग्रजी शब्द गळून पडले, की तो वडिलांसारखा दिसत असे. "आई, देवघरातला भंडारा आण. हिला उचलू दे. खंडोबाची शपथ घेऊन सांगू दे, नाणं नेलं नाही म्हणून. मी या क्षणी अर्ज मागे घेतो."

बेल-भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस खोपटवाडीत अजून झाला नव्हता. जमिनींचे वाद कोर्टात तीन पिढ्या चालले, कारण कोर्टात भंडारा नसतो.

मथुराबाईंनी वाटी आणली. उत्कर्षाने पदवीधर माणसाला शोभेल इतका वेळ विचार केला आणि मग हात घातला. "नाणं मी नेलं नाही. कुणी नेलं, मला माहीत नाही." बोटं पिवळी झाली. आवाज हलला नाही.

रणजित जरा ओशाळला. वाटी त्याच्यापुढे आली. "मी? मी कशाला... बरं." त्यानेही उचलला, बोलला, हात पुसला.

मथुराबाई आपल्या हाताने भंडारा कपाळाला लावून नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "आता तुमी."

आप्पासाहेबांनी हात पुढे केला. तो वाटीवर आला आणि तिथेच थांबला.

"आप्पासाहेबांना त्रास देऊ नका," कल्याणीबाई म्हणाल्या. "मीच सांगते. चुकलं तर त्यांनी भंडारा उचलावा आणि मी इथून चालत बिबवेवाडीला जाईन.

"चोराने सोनं सोडून चांदी नेली. म्हणजे त्याला ती वस्तू हवी नव्हती, नकोशी होती. मथुराबाईंनी घासल्यावर ती लाल झाली, म्हणजे ती खोटी होती. सिडनीच्या बाईंनी हातात घेतली असती, तर लगेच कळलं असतं. ते कळू नये, असं कुणाला वाटत होतं? उत्कर्षाला नाही, बाईंना तिनेच बोलावलं होतं. मुथा असते, तर त्यांनी सगळ्यांत आधी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर चोरीचा फोटो टाकला असता. रणजितराव, तुम्हाला लाली माहीतच नव्हती. शिवाय नाणं खोटं आहे असं माहीत असलेला माणूस स्वतः पोलिसांना बोलावत नाही. लाली एकाच माणसाला सांगितली होती. त्याच माणसाने पोलीस नको म्हटलं. आणि त्याच माणसाने विम्याचा दावा नाकारला. खोटं नाणं हरवल्यावर खऱ्याचे पैसे घेणं, हे त्याच्या इमानात बसत नव्हतं. माणूस चोख आहे. फक्त एका जागी नाही."

"आप्पा?" रणजित म्हणाला.

"गावाने वर्गणी काढलीच नव्हती," कल्याणीबाई म्हणाल्या. "मुलगा देईना, म्हणून वडिलांच्या नावाच्या कमानीसाठी यांनी खरं नाणं मुथांमार्फत विकलं आणि कपाट रिकामं दिसू नये म्हणून तसंच दुसरं करून घेतलं. स्वतःची वस्तू विकणं हा गुन्हा नाही. पण गावात अभ्यासू म्हणून नाव झालेलं होतं."

आप्पासाहेबांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला. नाणं बाहेर आलं. भोकाच्या कडेला खरोखरच लाली होती.

"फेकून का न्हाई दिलं?" मथुराबाईंनी विचारलं. त्यांना बाकी कशाचं नाही, याचंच नवल वाटत होतं.

"गेलो व्हतो तळ्यावर. दोनदा." आप्पासाहेब नाण्याकडे पाहत म्हणाले. "पन खोटं झालं तरी त्याला लक्ष्मीची अंघोळ घातल्याली. तू हळदकुकू लावल्यालं. हात हुईना."

मग उत्कर्षा बोलली.

"माझ्यासाठी पण हात झाला नाही का, आप्पासाहेब?"

"म्हंजी?"

"नाणं फेकवलं नाही तुम्हाला. मला काल चौकीत नेलं, तेव्हा तुम्ही इथेच बसले होते. नाणं खिशात घेऊन."

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "मला वाटलं, दोन दिस बोंबाबोंब हुईल, मंग मिटंल."

"ओके, ओके," रणजित घाईने म्हणाला. "घरातली गोष्ट घरात राहू दे. मी आत्ता जातो, अर्ज मागे घेतो. मिसअंडरस्टँडिंग म्हणून सांगतो. आप्पांचं नाव कुठे यायला नको."

"मग माझं राहील," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही अर्ज मागे घ्याल. कागदावर राहील की भोयर नावाच्या मुलीवर संशय होता, नाणं सापडलं नाही, मालकाने दया केली. दाखला देणारा ते वाचेल. मला दया नको. कुणी नेलं, ते तिथे सांगा."

"अगं, त्यांचं वय बघ! गावात तोंड दाखवायला—"

"मला पण वर्ध्यात तोंड आहे, दादा."

रणजितने कल्याणीबाईंकडे पाहिलं. त्या विम्याच्या माणसाप्रमाणे तटस्थपणे छताकडे पाहत होत्या. मथुराबाईंनी भंडाऱ्याची वाटी देवघरात नेऊन ठेवली, खुंटीवरची टोपी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. एवढंच.

६

चौकीतल्या हवालदारांना हे प्रकरण आवडलं नाही. त्यांनी ते दोनदा ऐकलं, एकदा उभ्याने, एकदा बसून.

"नाणं कुणाचं?"

"माझं," आप्पासाहेब म्हणाले.

"चोरलं कुणी?"

"म्याच."

"पण ते खोटं होतं."

"व्हय."

"ते पण तुमीच बनवून घेतलं?"

"व्हय."

"मग हितं चोरी झाली कुठं?" हवालदार कळवळून म्हणाले. "काका, आमाला बी काम असतंय."

"चोरी न्हाई झाली," आप्पासाहेब म्हणाले. टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. "लबाडी झाली. ती म्या केली. ह्या पोरीचा त्यात काडीचा संबंध न्हाई. तिला हितं बसवली, तवा मला ठावं व्हतं, ती निर्दोष हाय. हे असंच घ्या. माझ्या शब्दात घ्या."

रणजित दाराशी उभा होता. बाहेर गावातले दोघे-तिघे ओळखीचे आले होते आणि मान उंचावून आत बघत होते. त्याने दार लोटून घेतलं. आप्पासाहेब म्हणाले, "उघडं ऱ्हाऊ दे."

जबाब लिहून झाला. हवालदार उत्कर्षाकडे वळले. "मॅडम, तुमी जावा. तुमचं काय न्हाई आता."

"आधी वाचून दाखवा."

हवालदारांनी साहेबांच्या खोलीकडे पाहिलं. आतून "दाखवा, दाखवा" असा कंटाळलेला आवाज आला. त्यांनी वाचलं. उत्कर्षाने ओठ हलवत ऐकलं, आणि 'निर्दोष' हा शब्द आला तिथे त्यांना थांबवून तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.

आप्पासाहेबांनी सही केली. उठताना त्यांनी बाकाचा आधार घेतला. "पोरी, जायच्या आधी येशील का एक रविवार? यादी आर्धी राह्यलीय. त्या नाण्याच्या जागी काय लिवायचं, ते बी तूच सांग."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मुली अशा वेळी 'येईन ना आप्पा' म्हणतात आणि मोठ्या माणसांची सोय करतात.

"नाही, आप्पासाहेब," उत्कर्षा म्हणाली. "ते तुम्हीच लिहा."

ती बाहेर पडली. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती. स्वारगेटकडे जाणाऱ्या बसगाड्या एकमेकींना न ओळखल्यासारख्या खेटून उभ्या होत्या. उत्कर्षा त्यांच्यामधून वाट काढत सुटली. ओढणी सुटलेली, पिशवी छातीशी घट्ट धरलेली. कल्याणीबाई धापा टाकत मागे राहिल्या. शेवटी त्यांनी एका फळवाल्याच्या गाडीला धरून हाक मारली.

"अगं ए! हळू चाल जरा. आता कुणी मागे लागलेलं नाही."

उत्कर्षा थांबली. मागे वळून तिने खरंच कुणी नाही ना, ते पाहिलं. मग ती कल्याणीबाईंच्या सोबतीने चालू लागली. चार पावलं हळू चालली, आणि पुन्हा तिचा वेग वाढला.